मोटर उचलत नाही

निरोगी हार्ड डिस्क सुरू होताना आधी एक बारीक ‘सूंऽऽ’ ऐकू येतो. तो चढत जातो, एका उंचीवर स्थिरावतो आणि मग अगदी हलकी ‘टिक्’ होते. कानाला सवय नसेल तर ती टिक् कळतही नाही. त्यानंतर नुसती गुणगुण. डब्यावरचा दिवा लुकलुकतो, पडद्यावर डिस्कचं नाव उमटतं. सगळा काही सेकंदांचा मामला.

दुसरा आवाज याच्याशी अर्ध्यापर्यंत जुळतो. सूंऽऽ चढायला लागतो, आणि मध्येच ‘टक्’. आवाज खाली कोसळतो, क्षणभर काहीच नाही, की पुन्हा चढायला सुरुवात. पुन्हा टक्. दिवा लागतो, विझतो, लागतो. पडद्यावर डिस्क येते आणि जाते, किंवा कॉम्प्युटर विचारतो की ही डिस्क फॉरमॅट करायची का.

हा आवाज ऐकला की घरोघरी एकच निकाल लागतो: डिस्क गेली. मग कोणी ती कपाटात टाकतं, कोणी भंगारात देतं, आणि कोणी त्या विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून टाकतं. या निकालाची घाई मला फार खटकते. एका वाचनालयाच्या ध्वनिसंग्रहाचं काम मी बघते. जुन्या कॅसेटवरची कीर्तनं, गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, शाळांच्या स्नेहसंमेलनातली नाटकं असं सगळं आमच्याकडे डिस्कवर आहे. त्यामुळे लोकही आपापल्या डिस्क घेऊन येतात. त्यांतल्या कितीतरी डिस्क मेलेल्या नसतात, त्यांना पुरेशी वीज मिळत नसते. मेलेली आणि वीज न पुरणारी यांत फरक करायचा तर आधी शांतपणे ऐकावं लागतं आणि मग एकेक गोष्ट बदलून पाहावी लागते. दोन्हीला पैसा लागत नाही, धीर लागतो.

डब्याच्या आत काय चाललेलं असतं हे एकदा डोळ्यांपुढे आलं की तो टक् वेगळा ऐकू येतो. खिशात मावणाऱ्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये अडीच इंची तबकड्या असतात. बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीला टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर, पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर ते तरंगतं. वेग पुरेसा नसेल तर तो थरच तयार होत नाही. म्हणून तोपर्यंत हेड तबकडीबाहेर, कडेच्या प्लास्टिकच्या उतारावर बसून राहतं. वेग भरला की ते उतारावरून तबकडीवर येतं, आणि ती हलकी टिक् होते ती त्या वेळी.

थांबलेल्या तबकड्यांना त्या वेगापर्यंत न्यायला मोटरला दम लागतो. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट्या दिशेचा विद्युतदाब निर्माण करते आणि आत येणारा करंट आपोआप आवरला जातो. थांबलेल्या मोटरकडे तो आवर नसतो. त्यामुळे सुरुवातीच्या काही क्षणांत ही छोटी डिस्क एक अँपिअरच्या आसपास करंट मागते. एकदा लयीत आली की निम्म्यावर भागतं. पेन ड्राइव्हला हा प्रश्नच नाही, त्यात फिरणारं काही नसतं. म्हणून ‘पेन ड्राइव्ह चालतो, म्हणजे पोर्ट चांगलं आहे’ हे अनुमान इथे कामाचं नाही.

आता पोर्टाकडे बघू. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ सालची. इंटेलमध्ये या कामाची धुरा वाहणाऱ्यांत अजय भट्ट होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेला हा माणूस. तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या पाठीवर कीबोर्डला एक खाच, माउसला दुसरी, प्रिंटरला तिसरी असा पसारा असायचा, तो एका खाचेत आणायचा हा हेतू. त्या खाचेतून मिळणारी वीजही अशाच उपकरणांच्या बेताने ठरली: ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट. तेही लगेच नाही. नव्याने जोडलेल्या उपकरणाने आधी १०० मिलिअँपिअरवर भागवायचं, कॉम्प्युटरला आपली ओळख सांगायची, जास्तीची मागणी नोंदवायची आणि मंजूर झाली तरच घ्यायची. २००८ साली यूएसबी ३.० आलं तेव्हा मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली. आपली डिस्क मागते हजाराच्या आसपास. काही डिस्कच्या पाठीवरच्या लेबलावर तर बारीक अक्षरांत ‘५ व्होल्ट, १ अँपिअर’ असं सरळ छापलेलंच असतं. म्हणजे कागदावर हा हिशेब जमतच नाही.

तरीही जगभरात या डिस्क चालतात, कारण बहुतेक कॉम्प्युटर नियमापेक्षा थोडं सैल हाताने देतात. पण ही सैल हाताची देणगी आहे, हक्क नाही. एखादा लॅपटॉप देतो, एखादा देत नाही. ‘माझ्याकडे चालते, दादाच्या लॅपटॉपवर टकटक करते’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

हे सगळं मला ज्यांच्या तोंडून एका वाक्यात ऐकायला मिळालं त्या माझ्या काकांनी आयुष्यात कॉम्प्युटर वापरलेला नाही. निफाडजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. दिवाळीत आम्ही सगळे ओट्यावर बसून चुलतभावाच्या लग्नाची चित्रफीत लावायच्या खटपटीत होतो. डिस्क सूंऽऽ करायची, टक् करायची, पुन्हा सूंऽऽ. भाऊ म्हणाला, “गेली वाटतं.” काका पलीकडे खाटेवर पडून होते. तिथूनच म्हणाले, “अगं, मोटर उचलत नाहीये तिची. व्होल्टेज कमी पडतंय.”

विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरने त्यांचे कान तयार केले आहेत. रात्रीच्या थ्री फेजला सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम लागतात, लाईनला दाब राहत नाही, आणि स्टार्टर दाबला की मोटर नुसती घुमते. उचलत नाही. तशीच घुमत ठेवली तर वायंडिंग जळतं. या पंपांच्या मोटरीत फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दाब २० टक्क्यांनी उतरला तर जोर १०० वरून ६४ वर येतो. डिस्कमधली मोटर वेगळ्या जातीची, पण अडचण तीच: हलवायचं ओझं जागच्या जागी आणि पाठीशी दाब नाही. मी बॅगेतून आखूड, जाड केबल काढली आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावली. सूंऽऽ चढला, स्थिरावला, टिक्. काकांनी विचारलं, “दुसरी लाईन घेतलीस का?” मी हो म्हटलं. याहून नेमकं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही.

तेव्हा पहिला संशय केबलवर. केबल ही सगळ्यांत स्वस्त वस्तू, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. मी एक जुनी यूएसबी २.० केबल ब्लेडने सोलून पाहिली होती. बाहेरचं काळं आवरण बोटाच्या निम्म्या जाडीचं, चांगलं भरदार. आत चंदेरी कागद, आणि त्यात चार वायरी: पांढरी आणि हिरवी माहितीसाठी, लाल आणि काळी विजेसाठी. लाल वायरीचं प्लास्टिक काढलं तर आत तांब्याच्या सात तारा, केसासारख्या. तळहातावर घेतल्या आणि जोरात श्वास सोडला तर हलल्या. डिस्कची मोटर उचलणारा सगळा करंट यांतून जाणार.

गणित सोपं आहे. अशा २८ गेजच्या वायरीला मीटरमागे ०.२१ ओहम रोध असतो. वीज लाल वायरीने जाते आणि काळीने परत येते, म्हणजे मीटरभर केबलमध्ये दोन मीटर तांबं, ०.४२ ओहम. एक अँपिअर करंट वाहिला की ०.४२ व्होल्ट केबलमध्येच खर्च. पोर्टाने अगदी पूर्ण ५ व्होल्ट दिले तरी डिस्कला पोहोचले ४.५८. बऱ्याच डिस्कना पाचाच्या खाली ५ टक्क्यांपर्यंतच चालतं, म्हणजे ४.७५. खेळ तिथेच संपला. हीच केबल अर्ध्या मीटरची आणि आतल्या वायरी २४ गेजच्या असतील तर तोटा ०.०८ व्होल्टच्या घरात येतो. डिस्कच्या खोक्यात बोटभर लांबीची केबल का देतात, याचं उत्तर या हिशेबात आहे. ती आखूड म्हणून कंटाळून लोक लांब केबल घेतात आणि टकटक सुरू होते.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल मागितली तर दुकानदार आधी लांबी विचारतो. तुम्ही जाडी विचारा. आवरणावर बारीक अक्षरांत गेज छापलेला असतो. विजेच्या जोडीपुढचा आकडा २८ असेल तर ठेवून द्या. २४ किंवा त्याहून लहान असेल तर घ्या. आकडा लहान तेवढी तार जाड. आणि डिस्कच्या बाजूची ती चपटी, रुंद पिन बोटाने हलवून बघा. ती खाच फार नाजूक असते. पिन सैल झाली की तिथेही रोध वाढतो. डिस्कला धक्का लागल्यावरच टक् होत असेल तर बहुधा तीच दोषी.

केबल बदलूनही भागलं नाही तर पोर्ट बदलायचं. टेबलावरच्या कॉम्प्युटरची पुढची पोर्टं डब्याच्या आत एका बारीक वायरीने मदरबोर्डाला जोडलेली असतात. मागची थेट बोर्डावर बसलेली. म्हणून डिस्क नेहमी मागे लावावी. चार तोंडांचा हब मध्ये असेल आणि त्याला स्वतःचा अडॅप्टर नसेल, तर तो काढून टाका. यूएसबी २.० च्या नियमानुसार असा हब आपल्या प्रत्येक तोंडाला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. याउलट ज्याला वेगळा अडॅप्टर आहे असा चांगला हब हा या दुखण्यावरचा मला सगळ्यांत भरवशाचा वाटलेला उपाय. दोन तोंडांची, इंग्रजी वाय अक्षरासारखी केबलही मिळते. ती दोन पोर्टांतून मिळून वीज घेते. ती नियमांत बसत नाही, पण जुन्या लॅपटॉपवर तिनं पुष्कळ डिस्क उठवल्या आहेत. आणि लॅपटॉप बॅटरीवर असताना टकटक होते, चार्जरवर होत नाही, असं असेल तर सेटिंगमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून बघा. वीज वाचवायला कॉम्प्युटरच डिस्कला झोपवत असतो आणि उठवत असतो.

साडेतीन इंची, टेबलावर उभ्या राहणाऱ्या डिस्कची कथा निराळी. तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, ते साध्या यूएसबीत नसतातच. म्हणून तिला भिंतीतला अडॅप्टर. या अडॅप्टरमधले कॅपॅसिटर उष्णतेने वर्षागणिक सुकत जातात, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. फसगत अशी की मल्टिमीटर लावला तर तो १२ व्होल्ट बरोबर दाखवतो, कारण तेव्हा अडॅप्टरवर भार नसतो. भार देऊन मोजायला हवं. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब जोडला की पाऊण अँपिअरहून थोडा जास्त भार पडतो. तो पेटता असताना आकडा अकराच्या खाली घसरला तर अडॅप्टर बदला, डिस्कला हात लावू नका. लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा जो क्षण असतो, तो चांगल्या अडॅप्टरमधल्या साठ्यावर निभावतो. सुकलेल्या अडॅप्टरवर डिस्क तिथेच टक् करून बसते.

मात्र अडॅप्टर बदलताना लेबल वाचल्याशिवाय काही लावू नये, हे मी हात जोडून सांगते. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरची पिन कित्येकदा या डिस्कच्या खाचेत छान बसते. बसली म्हणून चालत नाही. अशा वेळी डिस्कच्या बोर्डावरचा एक चिमुकला संरक्षक डायोड स्वतः जळून शॉर्ट होतो आणि पुढच्या भागाला वाचवतो. डिस्क मग आवाजच करत नाही. जाणकार कारागिराला हा डायोड माहीत असतो, त्यामुळे अशी मुकी झालेली डिस्क त्याला दाखवल्याखेरीज टाकू नये. कोणता चार्जर लावला होता हे त्याला खरं सांगावं.

आता खऱ्या मरणाचे आवाज. तबकड्या पूर्ण वेगाने फिरत आहेत, सूंऽऽ अजिबात खाली येत नाही, आणि वर एका ठेक्यात टक्-टक्-टक्: हेड जागा शोधतं आहे आणि त्याला ती सापडत नाही. बारीक ‘पीं… पीं…’ येत असेल तर मोटर ढकलते आहे पण तबकडी अडकली आहे, बहुतेकदा हेड तबकडीला चिकटल्यामुळे. खरवडल्यासारखा ‘खर्रर्र’ आला तर तत्काळ केबल काढायची, दुसरा विचार नको. वीज कमी पडल्याचा आवाज पोर्ट बदललं, केबल बदलली की बदलतो. हे आवाज कशानेही बदलत नाहीत. खूण एवढीच, पण पक्की. आणि तेवढं कळलं की प्रयोग थांबवायचे. फ्रीजमध्ये ठेवणं, हातावर आपटणं, उघडून बघणं यांतलं काहीही करू नये. हेड ज्या उंचीवर तरंगतं त्यापुढे घरातल्या हवेतला धुळीचा कणही डोंगराएवढा असतो. अशा डिस्कला निर्धूळ खोलीत काम करणारी माणसंच हवीत. त्यांचा खर्च मोठा असतो, आणि आत काय आहे यावरून तो करायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

संशय राहिलाच तर डिस्कलाच विचारता येतं. प्रत्येक डिस्क आपली एक नोंदवही ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. काही डब्यांमधून ती बाहेर येत नाही, पण येते तेव्हा तिच्याएवढा खरा साक्षीदार नाही. ५ आणि १९७ क्रमांकाच्या नोंदी तबकडीवरच्या खराब जागांच्या. त्या वाढत असतील तर डिस्क खरंच थकली आहे. पण त्या शून्यावर आहेत आणि १९२ क्रमांकाची नोंद मात्र फुगलेली आहे, असं दिसलं की मला हायसं वाटतं. बहुतेक कंपन्यांच्या डिस्कमध्ये ही नोंद सांगते की वीज अचानक गेल्यामुळे हेडला किती वेळा तातडीने मागे घ्यावं लागलं. कोणी केबल हिसकून काढली तरी हा आकडा वाढतो. डिस्क जागची हलवलेली नाही आणि तरी तो रोज वाढतो आहे, म्हणजे वीज कुठेतरी तुटते आहे.

या तातडीच्या माघारीबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे. वीज गेली, तर हेड उतारावर न्यायला वीज कुठून आणायची? डिस्क ती तबकड्यांकडून घेते. वीज गेल्यावरही तबकड्या आपल्या वेगात फिरतच असतात. त्या क्षणी मोटर जनरेटर होते, फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या गतीतून वीज काढते, आणि त्या विजेवर हेड धरणारा हात मागे सरतो आणि हेड सुखरूप उतारावर चढतं. तो टक् बहुधा त्या घाईच्या माघारीचाच आवाज. लोकांना जो शेवटचा आचका वाटतो, तो पुष्कळदा आतल्या माहितीला ओरखडा येऊ नये म्हणून केलेला बचाव असतो. ज्यांनी हे आखलं त्यांनी वीज जाणार हे गृहीत धरूनच आखलं. मात्र ही माघार कठोर असते, तिने डिस्कची झीज होते. म्हणून टकटक करणारी डिस्क तशीच तासभर लावून ‘बघू, लागेल’ म्हणत बसणं हा तिच्यावर अन्याय आहे.

राहिला फॉरमॅटचा प्रश्न. लिहिता लिहिता वीज तुटली की फायलींची यादी अर्धवट राहू शकते. मग कॉम्प्युटरला डिस्क कोरी वाटते आणि तो विचारतो. ‘नाही’ म्हणायचं. ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं तरी आत्ता ‘नाही’च. आधी वीज नीट करायची, मग डिस्क पुन्हा लावायची. अनेकदा सगळं जसंच्या तसं उघडतं.

आमच्याकडे येणाऱ्यांना मी म्हणूनच आधी सांगते, डिस्कबरोबर केबल आणि अडॅप्टरही आणा. आणि डिस्क लागली की दुरुस्तीची चर्चा नंतर, आधी नक्कल. नक्कल करतानाही क्रम महत्त्वाचा, कारण ही डिस्क किती वेळ साथ देईल ते कोणी सांगू शकत नाही. मोठ्या फोल्डरपासून सुरू करायचा मोह होतो, पण मोठी असतात ती सिनेमांची फोल्डरं, जी कुठेही मिळतात. मागे एक निवृत्त शिक्षक आले होते. डिस्क वेगळा अडॅप्टर असलेल्या हबवर लागली, यादी पडद्यावर आली. मी विचारलं, “सर, आधी काय काढू?” त्यांनी मुलांच्या लग्नांची फोल्डरं ओलांडून खाली ‘भजन मंडळ’ नावावर बोट ठेवलं. त्यात पत्नीच्या आवाजातल्या फायली होत्या, मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या, आकाराने इतक्या लहान की आमचं बोलणं संपायच्या आत आमच्या डिस्कवर आल्या. एक लावून बघितली, नीट वाजली. मग लग्नं लावली उतरवायला, आणि त्यांना तपकीर गल्लीतून कोणत्या जाडीची केबल आणायची ते कागदावर लिहून दिलं.